खारेपाटातल्या माडीवर

पेणला कशाला गेला होतात असं कुणी विचारलं, की मी 'गणपतीचे कारखाने बघायला' असं सांगून मोकळा होतो. ऐकणाऱ्याचा चेहरा उजळतो आणि विषय तिथंच संपतो. खरी गोष्ट अशी की मी संडास बघायला गेलो होतो. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या गावांचे संडास, जीपमधून हिंडत, गळ्यात झेंडूचे हार घालून घेत.

तेव्हा गावोगावी हागणदारीमुक्तीचं वारं होतं. गावांच्या स्पर्धा लागायच्या आणि बाहेरच्या जिल्ह्यातले परीक्षक यायचे. मी सातारकडचा, निवृत्त हेडमास्तर. शाळेत असताना मुलांना जेवणाआधी हात धुवायला लावायचो, पालकसभेत शोषखड्ड्यावर बोलायचो. गावात मला तोंडावर 'गुरुजी' आणि पाठीमागे 'संडासमास्तर' म्हणत. हे पाठीमागचं नाव जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचलं असावं, कारण परीक्षकांच्या नेमणुका झाल्या तेव्हा माझं नाव त्यात होतं.

बायको म्हणाली, "चाळीस वर्षांत कोकण दाखवलं नाहीत. आता एकटे निघालात, ते हे बघायला?" तरी तिनं पिशवीत ओव्याची पुडी घातली. मी ती बाहेर काढून ठेवली. पचनावर व्याख्यानं देणाऱ्या माणसाला ओवा लागतो, हे मला अपमानास्पद वाटलं.

रोहा

माझ्या जोडीला कदमबाई होत्या. कऱ्हाडच्या, सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून काम केलेल्या. कमी बोलत, पण बोलल्या की समोरच्याला पट्टी बांधायची वेळ येई. जीपचा ड्रायव्हर हिराजी पेणकडचा होता. जीपवर कर्णा बसवलेला आणि दोन्ही बाजूंना कापडी फलक: 'उघड्यावर शौचास बसू नका'. या फलकानं पुढं माझी काय गत केली ते येईलच.

रोह्याच्या आतल्या बाजूचं गाव भाताचं. भात निघून गेलेलं आणि त्याच ओलीवर वाल उभा. आमच्याकडे भात कापलं की रान उघडं पडतं, इथं त्याच खाचरांत हिरव्या शेंगा लोंबत होत्या. गाव झाडलेलं, सारवलेलं. घरोघरी संडास होते. पहिल्या घरचं दार उघडलं तर आत शेळी आणि तिची दोन करडं. मालक म्हणाला, "गुर्जी, बिबट्याची भीती हाय ना. पक्की भिंत गावात ही येवढीच." दुसऱ्या घरी आत वालाच्या बियाण्याची पोती रचलेली. "घरात उंदीर होतात," मालकीणबाई म्हणाल्या, "आन् हितं कसं एकदम कोरडं ऱ्हातं."

"कोरडं राहतं म्हणजे तुम्ही वापरत नाही," मी म्हणालो.

"वापरतो की! हे काय, भरलाय वरपर्यंत."

कदमबाईंनी तोंडाला पदर लावला. मी मात्र तिथंच अर्धा तास व्याख्यान दिलं. विष्ठेवरची माशी ताटावर कशी येते, हात राखेनं नव्हे तर साबणानं का धुवावेत, घास किती वेळा चावावा, रात्री हलकं का जेवावं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्याचं कारण संध्याकाळी कळलं. आमच्यासाठी शेतात पोपटी लावायची होती आणि माणसं शेकोटीला गवत गोळा होण्याची वाट बघत होती.

पोपटी आम्हा घाटावरच्यांना माहीत नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, खडा मीठ, ओवा, मग मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा. तोंड पाल्यानं गच्च बांधायचं, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. जाळ विझल्यावर मडक्यावर पाणी शिंपडतात, ते चर्र करून उडालं की पोपटी झाली. मग ते सगळं केळीच्या पानावर ओततात आणि जो धूर निघतो त्याचा वास मी आजही डोळे मिटले की घेऊ शकतो.

मी खाल्लं. कसं खाल्लं ते कदमबाईंना विचारा. घास चावण्याचा हिशेब मी पहिल्या शेंगेलाच सोडला. हातात राख, तोंडाला राख, साबण जीपमध्ये. शेंग दातांत धरून ओढायची की आतला दाणा लोण्यासारखा जिभेवर येतो. समोर बसलेला शेतकरी शेंगा पुढं सारत होता आणि मी 'पुरे' म्हणत ओंजळ पुढं करत होतो.

"गुरुजी," कदमबाई हळूच म्हणाल्या, "वाल आहे. वायू धरतो."

"अहो, ताजा आहे," मी म्हणालो, जणू ताजा वाल माझ्या पोटाशी आधी बोलून घेणार होता.

कोलाडच्या रस्त्यावर

सकाळी पोट ढोलासारखं झालं होतं. रोह्याच्या विश्रामगृहात मी बराच वेळ बसून आलो, पण काहीच घडलं नाही. आज खारेपाटातलं गाव बघायचं होतं, पेणच्या पलीकडे खाडीकाठचं. जीप निघाली. रोहा मागं पडलं तसं पोटात काहीतरी सरकलं आणि कोलाडला हायवेवर लागेस्तोवर माझ्या कपाळावर घाम आला होता.

रस्त्याकडेच्या एका हॉटेलात जीप थांबली. हिराजी चहाला बसला आणि मी थेट मागच्या बाजूला गेलो. तिथं संडास होता. चांगला, रंगवलेला. दाराला कुलूप.

"चावी भावाकडं असतेय," गल्ल्यावरचा माणूस म्हणाला. "तो रोह्याला गेलाय. उघडा ठेवला की लोक घाण करतात ना."

स्वच्छ राहावा म्हणून लोकांना बंद ठेवलेल्या त्या संडासापुढं मी क्षणभर उभा राहिलो आणि चहा न घेता जीपमध्ये जाऊन बसलो.

पुढचा रस्ता मला फक्त खड्ड्यांच्या रूपानं आठवतो. प्रत्येक खड्ड्याला मी दात आवळत होतो. हिराजीनं आरशातून पाहिलं.

"गुर्जी, तुमाला बरं नाय काय?"

"बरं आहे. जरा... हळू चालव."

"गाडी थांबवू काय? ही काय, झाडी हाय बाजूला. बसा निवांत. कोन नाय बगत."

मी झाडीकडं पाहिलं. खरंच चांगली झाडी होती. मग मला फलक आठवला. उघड्यावर शौचास बसू नका, असं दोन्ही बाजूंनी ओरडणारी जीप हायवेवर उभी आणि तिचा परीक्षक झाडीतून धोतर सावरत येतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं. "नको," मी म्हणालो. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व पोटात ठेवलं तर गुदमरेल," कदमबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

खारेपाट

पेण ओलांडून जीप खाडीकडं वळली तसं रान सपाट झालं. दोन्ही हातांना मिठागरं, पांढरे ढीग, मधून निघालेले बांध आणि पाण्यावर बगळे. आमच्याकडे खड्डा खणला की मुरूम लागतो, इथं समुद्र लागतो. उधाणाला जमिनीखालचं पाणी वर येतं, त्यामुळं साध्या खड्ड्याचा संडास इथं बांधला की आठवड्यात तो स्वतःच भरून बाहेर बघायला लागतो. या गावानं त्यावर तोड काढली होती. घरापुढं पुरुषभर उंच दगडी जोतं बांधायचं, टाकी त्या जोत्यात घ्यायची, वर संडास आणि चढायला पायऱ्या. लांबून असं वाटत होतं की प्रत्येक घरापुढं एकेक लहान देऊळ उभं आहे. गावात त्याला 'माडी' म्हणत.

हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढं दिसलं, की वेशीवर बेंजो वाजतोय, बायका आरत्या घेऊन उभ्या आहेत आणि सगळं गाव मधल्या मोकळ्या जागेत जमलंय.

सरपंच रंजना म्हात्रे पुढं आल्या. तिशीतल्या, मिठागरावर काम करून रापलेल्या, डोळ्यांत झोप नसलेल्या. "या गुर्जी! गाव सकाळधरनं तुमची वाट बगतंय."

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "ताई, इथं... संडास कुठं आहे?"

त्यांचा चेहरा फुलला. "ऐकलंत काय रं? गुर्जी बोलतात, पयलं संडासच बगायचं! हार नको, च्या नको!" आणि बेंजोवाल्यांना हात केला. "चला!"

माझी मिरवणूक निघाली. पुढं बेंजो, मागं आरत्या, त्यामागं गाव. मला घाईनं चालायचं होतं आणि घाईनं चालताही येत नव्हतं. गावाच्या मध्यावर, रस्त्याकडं तोंड केलेल्या एका माडीपाशी सगळे थांबले. दाराला झेंडूचं तोरण होतं. मी पायऱ्या चढलो. वर पोचल्यावर वळून पाहिलं तर खाली शे-दोनशे माणसं वर बघत होती. मी हात जोडले, आत शिरलो आणि कडी लावली.

आणि बाहेर बेंजो थांबला.

त्यांनी आदरानं थांबवला होता. साहेब तपासणी करतायत, तर शांतता असावी. खाली एवढं मोठं गाव आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. वर पत्र्याचं छप्पर, जे प्रत्येक आवाज दुप्पट करून खाली सोडतं. पोपटी थांबायला तयार नव्हती. काय झालं ते लिहिणार नाही. इतकंच सांगतो की रोह्याच्या त्या शेतकऱ्याला आपल्या वालाचा अभिमान वाटला असता. खाली कुणीतरी खोकलं. एक पोर हसलं आणि त्याला रट्टा बसल्याचा आवाज आला.

मग कदमबाईंचा आवाज, वॉर्डात दाया-आयांना हाक मारावी तसा: "अरे, थांबलात का? वाजवा की! जोरात!"

बेंजो पुन्हा सुरू झाला. त्या बाईचे उपकार मी फेडू शकणार नाही.

जीव थाऱ्यावर आल्यावर मी आजूबाजूला पाहिलं. बादलीत पाणी होतं. भिंतीतल्या कोनाड्यात साबण होता, वेष्टनातला, न फोडलेला. पण फरशीवर चुन्याचे थेंब तसेच होते. भांड्याच्या कडेला सिमेंटचा लगदा वाळलेला, खरवडलासुद्धा नव्हता. कोपऱ्यात जुनं, मोठं कोळिष्टक. या माडीवर माझ्याआधी कुणीही बसलेलं नव्हतं. उद्घाटन मी केलं होतं.

दार उघडलं. माणसं अजून तिथंच, माना वर करून. गर्दीच्या पुढं एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय रं बाबा, झालास काय मोकला?"

गाव हसलं. मीही हसण्याचा प्रयत्न केला. पायऱ्या उतरताना धोतराच्या सोग्यानं कपाळावरचा घाम पुसला. मला फक्त तिथून नाहीसं व्हायचं होतं.

देवळापुढं

सभा देवळाच्या मंडपात होती. उपसरपंच काशिनाथ यांनी आमची ओळख करून दिली आणि सांगितलं की गावातला प्रत्येक माणूस माडी वापरतो. पुरुषांनी माना हलवल्या. बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्या जमिनीकडं बघत होत्या. मला भाषण करायचं होतं. माझ्याकडं ते तयार होतं, माशीपासून साबणापर्यंत. मी उभा राहिलो आणि माशी काही केल्या तोंडातून बाहेर येईना.

"मी मघाशी वर तपासणी करत नव्हतो," मी म्हणालो. "माझं पोट बिघडलं होतं."

"ते कललं," कुणीतरी मागून म्हणालं, आणि पुन्हा हशा.

"तुम्ही सगळे खाली उभे होतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आत बघितलं तर ती माडी कोरी. मला एवढंच विचारायचंय, बायकांना: तुम्ही कुठं जाता?"

हसू थांबलं. काशिनाथ उठून म्हणाले, "गुर्जी, तसा काय नाय..." तोवर ती म्हातारी उभी राहिली. चांगुणाबाय तिचं नाव.

"तू पुरुस मानूस," ती मला म्हणाली. "येकदा चढलास तं येवढा घामाघूम झालास. आमच्या सुना रोज चढतील काय, समद्या आलीच्या डोल्यांसमोर? नाक्यावर पोरं बसतात ती मोजतात, कोन कवा गेली. आमी बांधावर जातो. आंधारात."

"आये, गप बस गो," काशिनाथ म्हणाले. ती त्यांची आई होती हे मला तेव्हा कळलं.

"का गप? दारं रस्त्याकडं कुनी केली? तूच ना? का, तं सायबांच्या गाडीतून दिसली पायजेत! सायेब येनार वर्साचा येकदा. सुनंला रोज जायचाय."

गाडीतून दिसली पाहिजेत, म्हणजे आम्हाला दिसली पाहिजेत.

मग रंजनाताई उठल्या. "गुर्जी, दोन वर्सांमागं पावसाल्यात माजी जाऊ बांधावरनं घसरली. पोटुशी व्हती. पहाटंचं उधान, चिखल. पोर वाचला नाय. त्याच्यासाठी मी सरपंचकीला उभी ऱ्हायले. ह्या माड्या मी बांधून घेतल्या. आन् माजी जाऊ आजबी बांधावरच जाते." त्यांनी पदर तोंडाला लावला नाही, डोळेही पुसले नाहीत. "मना वाटला व्हता, बांधल्या का जातील. नाय गेल्या. आन् मी कोनाला बोलले नाय, का तं नंबर जाईल."

मागं बायकांच्यात एक मुलगी खाली मान घालून बसली होती, तिच्या खांद्यावर शेजारणीनं हात ठेवला. मी तिच्याकडं दुसऱ्यांदा बघितलं नाही.

सभेनंतर काशिनाथ आम्हाला जीपपर्यंत सोडायला आले आणि वाटेत दोनदा म्हणाले, की बांधकाम तर पक्कं आहे, तेवढं बघून पास करा, गावाची लाज राखा. मला त्यांचं म्हणणं पटायला लागलं होतं, हे कबूल करतो. चांगली माणसं, एवढी मेहनत, आणि वर मी त्यांची माडी वापरलेली. कृतघ्नपणा वाटत होता.

रंजनाताई मागून धावत आल्या. "गुर्जी, आमाला नापास करा."

"ताई?"

"नापास करा. आन् का केलात ते लिवा मोठ्या अक्षरांत. बायका जात नाय, कारन दारं रस्त्याकडं हायत. सायबाच्या सहीचा कागद असला तं हे लोक पायऱ्या फिरवतील. मी बोलले तं बाईची बडबड." मग काशिनाथांकडं न बघता म्हणाल्या, "पास झालो तं समदा हितंच संपला."

काशिनाथांनी माडीकडं पाहिलं, मागोमाग आलेल्या आईकडं पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून मान पुसत राहिले.

कदमबाईंनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि मला पेन दिलं. मी लिहिलं. मोठ्या अक्षरांत.

पेण

त्या रात्री पेणला रामवाडीत हिराजीच्या घरी जेवलो. त्याच्या बायकोनं मला मऊ भात, ताक आणि ओव्याचं पाणी दिलं. मी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. घरी गेल्यावर बायकोला एवढंच सांगितलं की कोकणातलं पाणी जड आहे. तिनं न वापरलेली ओव्याची पुडी फळीवरून काढून माझ्यापुढं ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

गावाचा नंबर आला नाही. वर्षभरानं फेरतपासणीला कुणी तरी जायचं होतं. घाटावरून कोण तयार होतंय असं विचारलं, तेव्हा मीच हात वर केला. या खेपेला बायकोही बरोबर आली; तिला खरोखरच गणपतीचे कारखाने बघायचे होते. तिला पेणला सोडून मी हिराजीबरोबर खाडीकडं निघालो. आदल्या रात्री फक्त खिचडी खाल्ली होती.

वेशीवर बेंजो नव्हता. मिठागरावर कामाची घाई होती आणि गावात कुणाला माझ्यासाठी वेळ नव्हता. जीपमधून पाहिलं तर रस्त्याकडं एकही दार दिसेना. नुसती दगडी जोती आणि वर कोऱ्या भिंती. पायऱ्या परसाकडं फिरवलेल्या, भोवती कारवीचे कूड, कुठं जुन्या साड्यांचे आडोसे. बघायचं असेल तर साहेबाला गाडीतून उतरून, चिखल तुडवून, घराला वळसा घालून जावं लागणार होतं.

मी उतरलो. पहिल्याच घराच्या मागं गेलो, कुडाआड शिरलो आणि पायऱ्या चढलो. पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे होते. दार लोटून पाहिलं, उघडेना. जरा जोर लावला.

आतून बाईचा आवाज आला, तरुण आणि संतापलेला: "कोन हाय रं मेला? दिसत नाय काय, आत मानूस हाय! धीर नाय धरवत?"

मी तसाच मागं फिरलो आणि पायऱ्या उतरून कुडाबाहेर आलो. आयुष्यात इतक्या आनंदानं मी शिव्या खाल्ल्या नव्हत्या. खाडीकडून चांगुणाबाय डोक्यावर मिठाची पाटी घेऊन येत होती. तिनं मला ओळखलं आणि थांबली.

"परत पोट बिघडला काय रं?" ती म्हणाली. "थांब जरा मंग. नंबर हाय."